मानपत्रवाले गुरुजी

वडवणीत कुणाचा सत्कार ठरला की हारवाल्याच्या आधी गुरुजींना फोन जातो. निवृत्त माणूस. मानपत्र, फ्लेक्सचा मजकूर, वाढदिवसाचा पोवाडा, मागाल ते लिहून देतात. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष' तर झोपेतही सुचतात. पंचाईत एवढीच की गुरुजींना इतिहासाचा नाद आहे.

"विशेषणं कुणी वाचत नसतंय, भाऊ! तीनशे वर्षांनी संशोधक येतो, विशेषणं पाखडून फेकतो अन् सुपात काय उरलं ते बघतो."

मग अज्ञानदास निघतो. 1659 च्या अफजलखान वधावर त्यानं पोवाडा रचला. 1891 साली ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे जमवून छापले. त्यात राजाची थोरवी आहेच; पण ओघात आलेली सरदारांची, गडांची नावं अभ्यासकांच्या कामाला आली. तुळशीदासाच्या सिंहगडावरच्या पोवाड्यातली घोरपड मात्र इतिहासकारांच्या घशाखाली उतरत नाही. तिकडे संगमकाळचे तमिळ कवी चेर राजाचं कौतुक करता करता सांगून गेले, की यवनांची जहाजं सोनं घेऊन येतात अन् मिरी भरून नेतात. तेवढ्यावर व्यापाराचा इतिहास उभा राहतो. खर्ड्याचा विषय निघाला तर गुरुजी फारच रंगतात. "1795 ला निजाम हरला अन् आपण निजामाच्याच मुलखातले. तरी पोवाडा ऐकताना मूठ आपलीच वळती!"

परवा एका भाऊंना 'जलनायक' म्हणून मानपत्र हवं होतं. गुरुजींनी लिहिलं, 'आपण गावाला बोअर दिला. पहिला 350 फुटांवर कोरडा गेला. दुसऱ्याला पाणी लागलं तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं.' भाऊंनी लाल पेनानं सगळं खोडलं, 'जलनायक' तेवढं ठेवलं. न खोडलेली प्रत गुरुजींच्या ट्रंकेत गेली. तिथं जुन्या फ्लेक्सचे फोटोही आहेत. मला विचाराल तर खालच्या रांगेतलं कोणतं तोंड कधी वर सरकलं, एवढ्यावर तालुक्याचं राजकारण लिहून होईल.

सत्कार झाला. गुरुजींच्या हाती शाल आणि नारळ पडला.

"अज्ञानदासाला घोडा अन् सोन्याचा तोडा मिळाला, त्यानंच पोवाड्यात सांगून ठेवलंय," गुरुजी म्हणाले. "भाऊ, निदान गाडीत पेट्रोल टाका. किती टाकलं, तेबी लिहून ठेवतो."