खचलेलं अंगण उचलण्याची सोपी पद्धत

ही माहिती नवशिक्यांसाठी आहे. पनवेलमध्ये तळमजल्यावर राहणारा, किंवा सोसायटीच्या कमिटीवर नुकताच बिनविरोध निवडून आलेला कोणीही माणूस नवशिका समजावा. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं.

आधी आपलं अंगण खचलंय का, ते ठरवा. बिल्डरने जिन्याला दोन पायऱ्या दिल्या होत्या आणि आता कोणी न बांधलेली तिसरी दिसू लागली असेल, तर खचलंय. भिंतीलगत प्लिंथ प्रोटेक्शन म्हणून ओतलेला काँक्रीटचा पट्टा भिंतीपासून सुटला असेल आणि फटीत पिंपळ उगवला असेल, तर खचून बरीच वर्षं झाली. खात्रीसाठी बादलीभर पाणी ओता. ते भिंतीपासून दूर, गटाराकडे जायला हवं. मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार पुरतो. पाणी उलट तुमच्याच भिंतीशी येऊन थांबलं, तर हॉलमधल्या ओलीचा दोष वरच्या मजल्याच्या बाथरूमला देणं तूर्त थांबवा. मग पहारीने काँक्रीटवर ठोकत चला. खाली भरीव असेल तर टणक आवाज येतो, पोकळ असेल तर ढब्ब. पोकळ जागा खडूने आखा. हे काम दुपारी दोन ते चार करू नये. त्या वेळात वरच्या मजल्यांवरून निराळेच आवाज येतात.

आता आरोपी शोधायचा. हीच पायरी सगळे गाळतात. नाक्यावरून आणलेला मिस्त्री खड्ड्याकडे पाहतो आणि म्हणतो, "साहेब, वरनं एक कोट मारून देतो, दिसणार पण नाय." खरंच दिसत नाही, गणपतीपर्यंत. वरच्या कोटाने ओझं वाढलं, खालची पोकळी तशीच राहिली. काँक्रीट बिचारं निर्दोष असतं. त्याच्या खालची जमीन निघून गेलेली असते.

ती जाते कुठे? इमारत आपल्या पायावर उभी असते, खाली कठीण मुरमात, खडकात किंवा पाइलवर. अंगण मात्र उभं असतं पाया खणताना काढून पुन्हा लोटलेल्या मातीवर. ही माती सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून बसवायची असते. प्रत्यक्षात ती एका संध्याकाळी, फुटक्या विटा आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसह एकदमच लोटली जाते, आणि वर चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळ्यांचं साधं काँक्रीट, पडतं. राहिलेली कुटाई मग पहिला पावसाळा फुकटात करून देतो.

त्यात हा प्रदेशच भरावाचा. 1970 साली शहर वसवायला सिडको आली, तेव्हा इथे भातखाचरं, खाजणं आणि मिठागरं होती. खाडीलगतच्या चिकणमातीवर भराव टाकला की ती वर्षानुवर्षं पाणी सोडत दबत राहते. तालुक्यातला विमानतळही टेकडी फोडून, उलवे नदी वळवून, भरावावरच उभा राहिला. जपानमधलं कान्साई विमानतळाचं बेट तर 1994 साली विमानतळ सुरू व्हायच्या आधीपासून खचतंय. तिथे टर्मिनलचे खांब जॅकने उचलून खाली पोलादी पट्ट्या सरकवतात. तेव्हा आपल्या विंगपुढची जागा चार इंच बसली म्हणून लाज वाटू देऊ नका.

स्थानिक आरोपी मात्र तिघेच. पहिला, गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप. तो गटारापर्यंत न्यायचा राहून जातो आणि अंगणाच्या कडेला, जमिनीपासून दोन फुटांवर, तोंड उघडं टाकून थांबतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अख्ख्या गच्चीचं पाणी एकाच जागी कोसळतं आणि भरावातला बारीक मुरूम धुऊन नेतं. दुसरी घूस. चेंबरशेजारी ताज्या मातीचा ढीग दिसला तर ती तुमच्या प्लिंथखालची माती आहे, कुंडीत वापरू नका. तिसरा टँकर. मे महिन्यात देहरंग धरण तळाला जातं आणि दहा हजार लिटरचा टँकर फाटकातून आत शिरतो. नुसतं पाणीच दहा टन, वर गाडीचं वजन वेगळं. चार इंचांचं पीसीसी माणसांनी चालण्यासाठी असतं. पण टँकर अडवायची सूचना मे महिन्यात मांडू नये, जीवाला धोका असतो.

आरोपी सापडला की पाइप गटारापर्यंत न्या, बिळं बुजवा, चेंबरची गळती काढा. बऱ्याच सोसायट्यांचं काम इथेच संपायला हवं, पण त्यात यंत्र नसल्याने कोणाचं समाधान होत नाही.

म्हणून आता काँक्रीटखालच्या पोकळीत यंत्राने भरायचा फोम. पॉलियुरेथेन हा पदार्थ 1937 साली जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्मला. आज तो गादीत आहे, फ्रिजच्या भिंतीत आहे. अंगणासाठी त्याचा कडक प्रकार लागतो. काँक्रीटला करंगळीएवढी, साधारण 16 मिलिमीटरची भोकं चार-पाच फुटांवर पाडतात. गरम नळ्यांतून दोन द्रव बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात, खाली जातात, काही सेकंदांत फुगतात आणि पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतात. फेसाने काँक्रीट कसं उचलेल, ही शंका सभेत हमखास निघते. हिशेब सांगा: चार इंच जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस फुटाला जेमतेम बावीस किलो, स्वयंपाकाच्या भरलेल्या सिलिंडरहून कमी. चौरस फूट पुष्कळ असतात, हे खरं. पण फोमही सगळीकडे पसरतो.

हार्डवेअरच्या दुकानात खिडकीच्या फटी भरायचा फोमचा डबा मिळतो. तो आणू नका. त्याला घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो, बंद पोकळीत तो आतून ओलाच राहतो, आणि उचलण्याचं बळ त्यात नसतं. खरं काम यंत्र असलेल्या ठेकेदाराचं. तुमचं काम तिथे उभं राहून त्रास देणं. भिंतीवर लेव्हल पाइपने रेघ मारून घ्या आणि दर मिलिमीटर विचारा. थोडं थोडं उचलायला लावा, कारण जास्त उचललेलं खाली बसवता येत नाही. ड्रेनेजची लाइन आधी तपासा. फुटक्या पाइपात शिरलेला फोम घट्ट झाला की निघत नाही, आणि ही बातमी तळमजल्याला सर्वात आधी कळते. कामगारांना मास्क आणि चष्मा द्यायला लावा, द्रवातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट.

दहा बाय दहाचा तुकडा असेल तर माझं ऐका: फोडा, मुरूम थराथराने कुटा, नवीन ओता, सात दिवस पाणी मारा. फोम शोभतो तो फाटकाच्या तोंडाशी, जिथे गाड्या आठवडाभर बाहेर ठेवणं शक्य नाही. खाली खाडीची माती अजून दबत असेल, तर फोमही तिच्यासोबत बसेल.

खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्या. तीन कोटेशन लागतात. त्यातलं एक नेहमी कोणाच्या तरी मेव्हण्याचं असतं. पैसे दुरुस्ती निधीतून घ्यायचे की सिंकिंग फंडातून, यावर एक सभा जाईल. तिसऱ्या मजल्याचे सभासद विचारतील, आमचं अंगण कुठे खचलंय? त्यांना पायऱ्या मोजायला सांगा.

काम झाल्यावर भोकं सिमेंटने बुजवतात. त्यांचे ठिपके वेगळ्या रंगाचे दिसतात, त्यावर तक्रार येईल. लगेच बी विंगचा अर्जही येईल, की ए विंग उचलल्यामुळे आता पाणी आमच्याकडे येतं. तो आवक-जावक वहीत नोंदवून घ्या आणि पोच द्या.