पॉइंट विभागाच्या प्रमुखांस सोलापुरातून अनावृत पत्र

प्रति,
मा. प्रमुख, रिवॉर्ड पॉइंट व प्रवास-क्रेडिट विभाग
(विमान कंपनीचे आणि तिच्या भागीदार बँकेचे नाव जाहिरातींत पुरेसे मोठे छापलेले असल्यामुळे येथे गाळले आहे.)

विषय : चाटी गल्लीतील एका कार्डधारकाचे पॉइंट वेळेवर शून्य केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

विमान कंपनी आणि बँक यांनी मिळून काढलेले क्रेडिट कार्ड, ज्याला व्यवहारात को-ब्रँडेड कार्ड म्हणतात, ही चलनशास्त्राच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशी दखल न घेतलेली गोष्ट आहे. या कार्डावर ग्राहक खरे रुपये खर्च करतो, त्या खर्चाच्या प्रमाणात त्याच्या खात्यावर पॉइंट जमा होतात आणि ते पुढे विमानाच्या तिकिटासाठी वापरता येतील, असे त्याला सांगितलेले असते. मात्र पॉइंटची किंमत किती, तो कोणत्या विमानात चालेल आणि किती दिवस जिवंत राहील, या तिन्ही गोष्टी तो काढणाराच ठरवतो आणि मनात येईल तेव्हा बदलतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद करायच्या होत्या तेव्हा देशाच्या पंतप्रधानांना रात्री आठ वाजता दूरचित्रवाणीवर यावे लागले आणि त्यानंतरही लोकांना नोटा बदलून घेण्यासाठी मुदत द्यावी लागली. आपल्या विभागाचे तेच काम एका एसएमएसात भागते, ही काटकसर निश्चितच अनुकरणीय आहे.

ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावे लागले तो तसा किरकोळ आहे. सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी आणि टॉवेल विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने दुकानाची देणी, वीजबिल, मुलीच्या कॉलेजची फी असे जे जे कार्डावर टाकता येईल ते टाकून आणि दर महिन्याचे बिल तारखेच्या आत भरून, पत्नीसह दिल्लीला जाऊन येण्याइतके पॉइंट साठवले होते. दिवाळीचा सीझन उरकेपर्यंत दुकान सोडता येत नव्हते, आणि सीझन उरकला त्याच महिन्याच्या अखेरीस पॉइंटही उरकले. अॅपमध्ये जिथे आदल्या रात्री पाच आकडी संख्या होती तिथे सकाळी शून्य होते आणि शून्याच्या खाली, हिरव्या पट्टीवर, ‘आणखी पॉइंट मिळवा’ असे बटण होते. त्याच व्यापाऱ्याने कार्डाचे बिल थकवले असते तर याच बँकेने विलंब शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जाणारे व्याज लावले असते. ग्राहकाच्या देण्याची मुदत संपली की व्याज लागते आणि विभागाच्या देण्याची मुदत संपली की ते देणेच माफ होते, हा या व्यवहारातला मूलभूत न्याय होय.

मुदतीची ही अट मुंबई-पुण्यात एक वेळ सोसण्यासारखी असते, कारण तिथे कंपनीचे विमान रोज समोर उभे असते. सोलापूरची गोष्ट निराळी आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालून बंद पडली आणि पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. त्यानंतर शहराने बोरामणीच्या नव्या विमानतळाच्या घोषणा ऐकल्या, छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत आपले नाव वाचले, आणि विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडावी की राखावी, या वादात वर्षानुवर्षे आंदोलने आणि कोर्टकचेऱ्या पाहिल्या. ती चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले, गोव्याचे विमान ९ जून २०२५ रोजी सुरू झाले आणि मुंबईचे १५ ऑक्टोबर २०२५ रोजी. म्हणजे चिमणी पडली त्या दिवशी एखाद्या सोलापूरकराने दोन वर्षांच्या मुदतीचा पॉइंट मिळवला असता, तर मुंबईचे विमान येण्याच्या चार महिने आधीच तो बाद झाला असता. शिवाय जी विमाने आली ती फ्लाय ९१ आणि स्टार एअर या कंपन्यांची. ज्यांच्या को-ब्रँडेड कार्डांच्या जाहिराती देशभर झळकतात त्या इंडिगो किंवा एअर इंडियाचे विमान त्यांत नव्हते. तेव्हा मोफत तिकिटावर दिल्लीला जाऊ इच्छिणाऱ्याने आधी सुमारे अडीचशे किलोमीटर पुण्याला जावे, टोल आणि टॅक्सी भरावी, पहाटेचे विमान असेल तर लोहगाव विमानतळाच्या आसपास लॉज घ्यावा, आणि मग आपण फुकट प्रवास करत असल्याचा आनंद मानावा, अशी ही व्यवस्था आहे.

तिकीट जमत नसेल त्याच्यासाठी विभागाने वस्तूंचा कॅटलॉग ठेवलेला आहे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मुदत संपत आल्याचा एसएमएस आल्यावर सदर व्यापाऱ्याने तो उघडला, तेव्हा पहिल्याच पानावर डबल बेडशीट, उशांचे दोन अभ्रे आणि टॉवेलचा संच होता. ज्या शहराच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे, त्या शहरात आयुष्यभर चादरी विकून ज्याने पॉइंट मिळवले त्याला विभाग चादर देऊ करत होता. त्याने फोटो बोटांनी मोठा करून वीण पाहिली, काठाची शिलाई पाहिली, हा माल घाऊकात काय भावाने पडतो याचा मनातल्या मनात हिशेब केला आणि विभाग त्याच्या तिप्पट किमतीचे पॉइंट मागत असल्याचे त्याच्या ध्यानात आले. दोन धुण्यांत रंग जाईल, हा अभिप्राय त्याने कोणी न विचारता दिला. त्याने तो संच मागवला नाही. चाटी गल्लीत बाहेरची चादर पार्सलने येताना शेजारच्या दुकानदारांनी पाहिली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून त्याने पॉइंट मरू दिले, आणि विभागाच्या दप्तरी याची नोंद ‘ग्राहकाने संधीचा लाभ घेतला नाही’ अशी झाली असणार.

या मरणाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कार्डावर दिले जाणारे पॉइंट बँक विमान कंपनीकडून पैसे मोजून घेते, त्यामुळे प्रवासी विमानात बसण्याच्या कितीतरी आधी कंपनीच्या हातात रोकड आलेली असते. वापरला न गेलेला पॉइंट हिशेबाच्या वहीत देणे म्हणून उभा राहतो. तो न वापरताच बाद होणार असेल तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि या उत्पन्नाला हिशेबशास्त्राच्या भाषेत ‘ब्रेकेज’ म्हणतात. पॉइंटांचा हा धंदा लहान नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली पॉइंट योजना सुरू केली तेव्हा ती गिऱ्हाईक टिकवण्याची युक्ती होती; २०२० मध्ये, कोरोनाने बहुतेक विमाने जमिनीवर असताना, युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. बहुतेक विमाने उडत नव्हती तरी पॉइंटांवर कर्ज मिळत होते, यावरून खरा माल कोणता हे कळते. आता उपरोध बाजूला ठेवून सांगायचे तर हे उघड उघड चूक आहे. ज्या मालाचे पैसे आगाऊ घेतले, तो ज्या गावात पोहोचतच नाही त्या गावात मॉलच्या दारात टेबल मांडून कार्डे खपवायची, आणि मुदत संपली की गिऱ्हाइकानेच आळस केला म्हणून हात झटकायचे, याला बाजारात फसवणूक म्हणतात. चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानदाराने लग्नाच्या बस्त्याचे पैसे आगाऊ घेऊन, माल न देता, ‘तुमची मुदत संपली’ असे सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाचे शटर उघडले नसते.

याहून वेगळे काही शक्यच नाही, असे विभागाचे कायदा सल्लागार सांगत असतील, तर त्यांना १ ऑक्टोबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवावा. कोरोनाच्या टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांबाबत प्रवासी लीगल सेल या संस्थेने दाखल केलेल्या प्रकरणात, आर्थिक अडचणीमुळे लगेच पैसे परत करू न शकणाऱ्या कंपन्यांना ‘क्रेडिट शेल’, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी खात्यावर ठेवलेली रक्कम, देण्याची मुभा मिळाली. परंतु ही रक्कम कोणत्याही मार्गावर वापरता येईल, दुसऱ्याच्या नावे करता येईल, ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का वाढत जाईल, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरली न गेल्यास रोख परत मिळेल, अशा अटीही लागल्या. दिवस जातील तसे वाढणारे प्रवास-क्रेडिट या देशात काही महिने कायदेशीररीत्या अस्तित्वात होते आणि त्याने कोणाचे विमान कोसळले नाही. त्यानंतर सारे पूर्ववत झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा सर्वाधिक हाल झालेल्या प्रवाशांसाठी जाहीर झालेल्या दहा हजार रुपयांच्या व्हाउचरांनाही बारा महिन्यांची मुदत होतीच.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीच्या आहेत. ‘मोफत’ तिकिटावरही कर आणि शुल्के रोख भरावी लागतात. सणासुदीला पॉइंटांची जागा शिल्लक नसते, पैशांची मात्र असते. घरभाडे, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेली रक्कम यांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत, म्हणजे सामान्य घराचा खर्च जिथे होतो तिथेच हात आखडतो. आणि या साऱ्या बक्षिसांचा बोजा अखेर दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कावर, पर्यायाने रोखीने खरेदी करणाऱ्या गरीब गिऱ्हाइकावर पडतो, हे बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरते मांडून दाखवले आहे.

तरीही विभागप्रमुखांच्या खुर्चीकडे पाहिले की राग थोडा ओसरतो. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, कर्मचारी थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर आले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, काढण्याचा आदेश दिला. तिची पॉइंट योजना मात्र ‘जेट प्रिव्हिलेज’ या वेगळ्या कंपनीत होती, त्या कंपनीत एतिहाद या विमान कंपनीचा ५०.१ टक्के हिस्सा होता, आणि विमाने संपल्यावरही ती ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने चालू राहिली. प्रवाशांचे पॉइंट जगले आणि ज्यांनी त्या प्रवाशांना बोर्डिंग पास, चहा आणि ब्लँकेट दिले त्यांचे पगार बुडाले. या धंद्यात ग्राहकाच्या पॉइंटला निदान मुदत छापलेली असते. प्रमुखांच्या नोकरीला तीही नसते. ‘आणखी पॉइंट मिळवा’ हे बटण ज्याने शून्याखाली ठेवले त्यालाही वरून एखादे टार्गेट आले असेल आणि त्या टार्गेटलाही महिन्याच्या अखेरची तारीख असेल, हे सोलापूरला समजते. यंत्रमागाच्या शहराला मजुरी आणि नफा यांतले अंतर कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणून मागण्या माफक आहेत. ज्या शहरात कंपनीचे विमान उतरत नाही तेथील पत्त्यावर दिलेल्या कार्डाच्या पॉइंटांची मुदत, विमान उतरेपर्यंत, मोजूच नये. ज्यांना ते नको असतील त्यांना पॉइंटांचे रुपये, बँकेने कंपनीला मोजले त्याच दराने, खात्यावर द्यावेत. हे अवघड वाटत असेल तर रेल्वेच्या को-ब्रँडेड कार्डाकडे पाहावे, जिथे तिकिटासाठी एका पॉइंटचा एक रुपया धरला जातो आणि सोलापूर स्थानकावर गाडी खरोखर थांबते. सदर व्यापारी आणि त्याची पत्नी दिल्लीला कर्नाटक एक्सप्रेसने, स्वतःच्या पैशाने, जाऊन येणार आहेत. आणि यांतले काहीच करता येण्यासारखे नसेल तर एवढे तरी करावे : मॉलच्या दारातले ते टेबल उचलावे. कंपनीचे विमान नाही तोवर सोलापुरात कार्ड विकू नये.

कळावे,
सोलापुरातील पॉइंटधारकांच्या वतीने