नोटा तुमच्या, पावडर आमची

लाच मागितली तर घाबरू नका, तक्रार करा, असं प्रत्येक सरकारी कचेरीच्या जिन्यात लिहिलेलं असतं. येताना पैसे घेऊन या, एवढंच लिहायचं राहून गेलंय.

गैरसमज नको. हे पैसे लाचेचेच. साहेबांनी फेरफाराच्या नोंदीला दहा हजार मागितले, तडजोडीअंती आठावर आले (घासाघीस न करता लाच देणं आपल्याकडे अपशकुनी मानतात), तर साहेबांना रंगेहाथ पकडायच्या सापळ्यासाठी ते आठ हजार तक्रारदारानेच आणायचे. दोन पंचांसमोर नोटांचे नंबर उतरवून घेतात आणि सरकार त्यांवर स्वखर्चाने फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतं. साहेबांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. ही पावडर एकेकाळी जुलाबाचं औषध म्हणून विकली जायची. म्हणजे जुलाबाचं औषध आणि धुण्याचा सोडा, एवढ्या वाणसामानावर राज्य भ्रष्टाचाराशी लढतं. त्यात लागणारी एकुलती एक महाग वस्तू मात्र, द्यायला पैसे नाहीत म्हणून जो तक्रार करायला आला, त्याने आणायची! मग तो सासऱ्याकडे हात पसरतो, बायकोची बोरमाळ गहाण टाकतो. नोटा मुद्देमाल म्हणून पाकिटात सीलबंद होतात. रक्कम परत मिळायची सोय आहे, नाही असं नाही. अर्ज करायचा. त्या अर्जाचा दर अजून बाहेर फुटलेला नाही.

अहो, घरफोडीची फिर्याद द्यायला गेलेल्याला कुणी म्हणतं का, की चोर पकडायचाय, आणखी एक दागिना आणा?

तिकडे साहेब 48 तासांहून जास्त कोठडीत राहिले की निलंबित झाले असं मानायचं. मग घरबसल्या अर्ध्या पगाराच्या हिशेबाने निर्वाह भत्ता. तीन महिन्यांनंतर तो वाढवायचीही तरतूद आहे, कारण महागाई सगळ्यांनाच असते. खटला भरायला वरिष्ठांची मंजुरी हवी. 1988च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वरिष्ठांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा प्रयत्न करावा. कायदेशीर सल्ला घ्यायचा असेल तर आणखी एक महिना. कायद्यातला शब्द नुसता प्रयत्न, बरं का. त्याच दुरुस्तीने, नाइलाजाने लाच दिलेल्या माणसाला कळवायला दिवस दिले सात. त्याने प्रयत्न करून भागत नाही. आठव्या दिवशी आला तर तोही गुन्हेगार! ज्याच्या हाती सही-शिक्का, त्याच्या वरिष्ठाला चार महिने. आणि ज्याच्या हाती फक्त एसटीचं तिकीट, त्याला आठवडा. हे ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा तालुक्याच्या कचेरीत, बाराच्या उन्हात, झेरॉक्सच्या रांगेत उभं करायला हवं. साहेब जेवायला गेलेत, असं सांगून.

आणि फेरफार? तो तसाच आहे. जागेवर दुसरे साहेब आलेत, सज्जन आहेत. त्यांचं म्हणणं, तुमच्या कागदाला हात लावायचा तर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पंचांसमोर हात धुवावे लागतील, आणि कचेरीच्या नळाला सध्या पाणी नाही.