पिढीजात गिऱ्हाईक

श्रीनगरच्या रेसिडेन्सी रोडवर 1918 साली बेकरी म्हणून सुरू झालेलं ‘अहदूस’ आहे, ‘मुघल दरबार’ आहे. अशा जुन्या, घरच्यांनीच चालवलेल्या मोठ्या हॉटेलांचं कौतुक करताना सगळे मालकांच्या पिढ्या मोजतात. गिऱ्हाइकाच्या पिढ्या कोणी मोजत नाही. वास्तविक अशा प्रत्येक हॉटेलात दुपारी दीडच्या सुमारास एक गृहस्थ येतात, ज्यांचे वडीलही तिथेच बसून नावं ठेवत असत.

गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त. थंडीत फेरन, एरवी कोट. कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. तिथे दुसरं कोणी बसलेलं असलं तर ते काही बोलत नाहीत, नुसते जवळ जाऊन उभे राहतात. बसलेल्याचा घास घशाखाली उतरत नाही.

मेनूकार्ड ते उघडत नाहीत. ते पर्यटकांसाठी असतं.

“आज रिस्ता कसा आहे?”

“छान आहे, जनाब.”

“ते मी सांगेन.”

रिस्ता म्हणजे लाल रश्श्यातले मटणाचे गोळे, आणि गुश्ताबा म्हणजे दह्याच्या पांढऱ्या रश्श्यातले त्यांचे थोरले बंधू. मटण दगडावर ठेवून लाकडी हातोड्याने कुटायचं, कुटताना शिरा वेचून काढायच्या, चरबी मिसळायची, पुन्हा कुटायचं, अशी रीत. ताटली समोर आली की गृहस्थ चमच्याच्या टोकाने गोळा दाबतात आणि सोडतात. गोळा पुन्हा फुगून जागेवर आला की त्यांचा चेहरा पडतो, कारण तक्रारीची पहिली संधी हुकली. मग गोळा मधोमध कापून खिडकीच्या उजेडाकडे धरतात, आत पोकळी दिसतेय का बघतात. तीही नसते. शेवटी एक तुकडा तोंडात टाकून डोळे मिटतात. शेजारचा वेटर पाण्याचा जग हातात घेऊन तसाच उभा.

“मशीन!”

“हातानंच कुटलंय, जनाब,” गल्ल्यावरचा मालकांचा नातू हिशेबातून मान वर न काढता म्हणतो.

“मग हात मशीनसारखा चाललाय.”

त्यांच्या वडिलांच्या वेळी मशीनचा संशय घ्यायची सोय नव्हती. तेव्हा आक्षेप हातोड्यावर असे: लाकूड अक्रोडाचं नाही! आजोबांनी तो ऐकून घेतला, नातू हा ऐकून घेतो. धंदा वारशाने मिळतो तेव्हा असली देणीही मिळतात.

गृहस्थांचं माप एकच, थोरल्या बहिणीच्या लग्नातला वाझवान, म्हणजे काश्मिरी मेजवानी. त्रामीच्या एका मोठ्या ताटाभोवती चौघे बसलेले, वर कबाब आणि तबकमाझच्या तळलेल्या बरगड्या रचलेल्या, आणि आचाऱ्यांच्या वाझापोऱ्यातला मुख्य आचारी, वस्ता वाझा, स्वतः चुलींवर देखरेख करतोय. तो वस्ता आता हयात नाही आणि त्या त्रामीवरचे बाकीचे तिघे बोलायला येत नाहीत, त्यामुळे माप कधी खोटं ठरत नाही. 2017 साली सरकारने लग्नातल्या मुख्य पदार्थांवर 7 ची मर्यादा घालणारा हुकूम काढला, तेव्हा गृहस्थांनी हुकुमाच्या बऱ्यावाईटावर चर्चा केली नाही. “सातांत तबकमाझ धरलाय का?” एवढंच विचारलं.

2014 च्या सप्टेंबरात झेलमचं पाणी या रस्त्यावर चढलं. चिखल उपसून हॉटेल पुन्हा उघडलं त्या दिवशी गृहस्थ हजर. आधी त्यांनी वेटर मोजले. सगळे आहेत अशी खात्री झाल्यावर बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, “पाणी रश्श्यातही शिरलंय.” गल्ल्यावर बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं.

एरवी ते दुसऱ्यांच्या जेवणात पडत नाहीत. अपवाद आपल्या मंडळींचा. डोंबिवलीचं एखादं कुटुंब येतं. काकू आधी “व्हेज काय आहे?” असं विचारून नदरू यखनी आणि हाक मागवतात, काका मात्र धीट असतात. “ते पांढरे कोफ्ते आधी आणा, मग रोगन जोश बघू.” कोपऱ्यातली खुर्ची सरकते. गुश्ताबा हा शेवटचा, तो आला की जेवण संपलं, पुढे काही मागायचं नसतं, हे गृहस्थ हिंदीत, हात जोडून, कळवळून समजावतात. काका ऐकतात आणि विचारतात, “मग त्याच्याबरोबर भात येतो ना?”

गृहस्थ जागेवर येऊन बसतात ते थेट कहवा येईपर्यंत बोलत नाहीत.

बिलाचे पैसे मोजताना ते आज काय काय बिघडलं होतं त्याची उजळणी करतात. मीठ, चरबी, बडीशेप, नव्या पोराची चाल. मग हळूच म्हणतात, “रिस्ता बांधून दे. सहा.”

“एवढा बिघडलाय तरी, जनाब?”

“घरच्यांना दाखवायला नको?”

नातू सहाचे आठ करतो. गृहस्थ डबा उघडून मोजतात, आणि हिशेबही धड येत नाही म्हणून त्याला दोन शब्द सुनावूनच जिना उतरतात.