एक्कावन्न टक्क्यांचं विमान

अमेरिकेत विमान खोक्यातून येतं. ओरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीकडे पैसे भरले की आधी शेपटीचा संच घरी येतो, मग पंखांचा, मग धडाचा. हा क्रम लावणाऱ्याला माणसाची पारख असावी. ज्याची हौस फिटायची त्याची शेपटीवरच फिटते, बाकीचे पैसे वाचतात. उरलेले गडी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं रिवेट ठोकत बसतात आणि गाडी बाहेर पावसात भिजते.

तिथल्या सरकारचं मुख्य म्हणणं असं, की अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः करावं आणि तेही शिक्षण किंवा मनोरंजन म्हणून. हा ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’. शिवाय आत पाटी लावायची : हे विमान हौशी माणसानं बांधलंय, नेहमीच्या विमानांच्या सुरक्षानियमांत ते बसत नाही. इतका प्रामाणिकपणा आपल्याकडे उड्डाणपुलांवरसुद्धा लिहिलेला आढळत नाही.

कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादवांनी खोकंबिकं न मागवता सहा आसनी विमान बांधलं. कुठे? इमारतीच्या गच्चीवर! मुंबईत गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी सेक्रेटरीची मर्जी सांभाळावी लागते. ते विमान खाली उतरवून फेब्रुवारी 2016 मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं. लोकांनी फोटो काढले, छाती फुगवली, घरी गेले.

फाइल मात्र घरी गेली नव्हती. नोंदणीचा अर्ज 2011 चा, नोंदणी 2017 ची. क्रमांक मिळाला व्हीटी-एनएमडी. म्हणजे नरेंद्र, मोदी आणि देवेंद्र. विमान पंखांवर उडतं हे पाठ्यपुस्तकात ठीक आहे. 2018 मध्ये राज्य सरकारनं पालघरच्या विमान कारखान्यासाठी पस्तीस हजार कोटींचा सामंजस्य करारही केला. तेव्हा या विमानाला उडण्याचा परवाना मिळायचा होता. तो 2019 मध्ये आला आणि 2020 मध्ये धुळ्यात विमान उडालं. म्हणजे एक्कावन्न टक्क्यांचा नियम आपल्याकडेही आहेच. विमान एकोणपन्नास टक्के, बाकी कागद. शिक्षण बांधणाऱ्याचं, मनोरंजन कचेऱ्यांचं.

पण आपल्या व्यवस्थेला विमानांचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये. याच मुंबईत जानेवारी 2015 मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. तिथे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणारी, हवेत उलटी चालणारी प्राचीन विमानं भर व्यासपीठावरून उडवण्यात आली. ती उडवायला ऋषींच्या नावावरची एक पोथी पुरली, ना अर्ज लागला ना धावपट्टी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच आकडेमोड करून सांगितलं होतं, की या पोथीतली विमानं उडू शकत नाहीत. तरीही त्यांचं एकही उड्डाण रद्द झालं नाही. नोंदणीत आद्याक्षरं कुणाची घालावीत, हा पेचही त्या ऋषींना पडला नसावा.