दहा हेक्टरांची एकच माती

मेडशीचा शेतकरी डोळे मिटून सांगेल, की रस्त्याकडचं काळं वावर वेगळं आणि टेकडीखालची बरड वेगळी. काळ्यात एका पावसानं पाय घोट्यापर्यंत रुततो. बरडीवर आठ दिवस उघडीप पडली की सोयाबीन माना टाकतं. पण हे झालं अडाण्याचं ज्ञान. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून जमीन आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली आणि ठरलं, की बागायतीत अडीच हेक्टरांमागे मातीचा एक नमुना घ्यायचा, कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे एक. पाणी पिणारी माती अडीच हेक्टरांत स्वभाव बदलते, आमची उपाशी माती मात्र दहा हेक्टर एकमतानं वागते. वऱ्हाडात एवढी एकी दुसऱ्या कशात असेल तर दाखवा. धुऱ्यावरून तीन पिढ्या कोर्टात भांडणारे चुलतभाऊ पत्रिकेत सख्खे निघतात. सामू तोच, स्फुरद तेवढंच.

आता नमुना घ्यायचं शास्त्र. वावरात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र कालवून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे आणि अर्धा किलो उरेस्तोवर हेच करत राहायचं. धुरा, झाडाखालची जागा, उकिरडा, गुरांचं बसणं टाळायचं. खताच्या पोत्यात तर नमुना चुकूनही भरायचा नाही.

हे सारं करायचं रब्बी निघाल्यावर, म्हणजे भर उन्हाळ्यात. त्या वेळी वावरात सावली एकाच ठिकाणी असते, धुऱ्यावरच्या बाभळीखाली. माती तिथेच मऊ, गुरंही तिथेच बसतात, आणि हाताशी पोतं असतं ते युरियाचं. एवढी सोय आयती जुळून आल्यावर नागमोडी चालतो कोण? मग प्रयोगशाळेनं जमीन सुपीक असल्याचं कळवलं तर तिचं काय चुकलं? बाभळीखालची सुपीकच असते.

तरीही कार्ड येतं. त्यावर १२ घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पारावर त्याचं वाचन होतं ते असं :

"काय निंघालं भाऊ कार्डात?"

"जस्त कमी हाये म्हन्ते."

"मंग काय केलं?"

"काय करतं? युरिया टाकला."

यात हसण्यासारखं काही नाही. ४५ किलोचं युरियाचं पोतं पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळतं, पन्नास किलो डीएपीला साडेतेराशे लागतात, आणि युरियाचा हिरवेपणा चार दिवसांत रस्त्यावरून दिसतो. जस्ताचं काम कुणाला दिसतं? सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र फुकट धरून देतात. पण नत्र घरपोच मिळायला लागल्यावर त्या गाठी तरी कशाला राबतील? झाड कमरेएवढं वाढतं, शेंगांचं मागाहून पाहू. तेलबियांना गंधक लागतं. ते सुपर फॉस्फेटमध्ये असतं, डीएपीत नसतं. पण सुपर फॉस्फेट म्हणजे गरिबाचं खत, आणि पाहुण्यांसमोर डीएपीचं पोतं बरं दिसतं.

खरी गंमत सेंद्रिय कर्बाची. कर्ब कमी निघाला, की सल्ला ठरलेला : शेणखत टाका. सल्ला बिनचूक आहे. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला त्याला वर्षं झाली, आणि ट्रॅक्टर शेण टाकत नाही. उरलेली दोन गुरं जेवढं देतात ते परसातल्या वांग्यांनाच पुरत नाही. सोयाबीनचं कुटार तरी वावरात जिरवावं, तर पेरणीची घाई. लावली काडी, झालं वावर साफ. त्या धुरातून जो वर जातो, त्यालाच कर्ब म्हणतात. कार्डावर त्याचाच रकाना लाल दिसतो आणि आपण प्रयोगशाळेला शिव्या देतो.

यंदा एका भाऊंनी मात्र कमाल केली. कार्ड खिशात घालून ते थेट कृषी केंद्रात गेले आणि म्हणाले, "यात लिवल्यापरमानं द्या." दुकानदारानं कार्ड उलटंसुलटं करून तारीख पाहिली. "भाऊ, हे जुनं झालं. मुदत संपली याची."

"अन् त्या मांगच्या बाटल्यायची?"

दुकानदारानं मागं वळून न पाहता बिल फाडलं. दोन पोती डीएपी, आणि त्याच्यासोबत घ्यावीच लागणारी एक बाटली.