मापात बिघडवलेलं

आवाजाशी संबंध असलेलं प्रत्येक यंत्र तो आवाज स्वच्छ राहावा म्हणून धडपडत असतं. अपवाद एकच, गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल. चांगला निघालेला आवाज बिघडवायला लोक ही डबी रीतसर पैसे मोजून विकत घेतात. ती घरीच बनवायला बसलेल्या माणसाला घरचे विचारतात, ‘बिघडवायचंच आहे तर त्यासाठी शिकायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. घरातलं मिक्सर, गीझर वगैरे मंडळी कसलंही शिक्षण न घेता हे काम चोख करतात. पण माझ्या मते पेडल घरी बनवण्याचं खरं कारण याच प्रश्नाच्या उत्तरात दडलंय. बिघडायला अक्कल लागत नाही, बिघडवायला माप लागतं. आणि ते माप स्वतः डाग देत, बोटं भाजून घेत जितकं कळतं तितकं दुकानातून आणलेल्या डबीवरून कळत नाही.

या विद्येचा उगम मात्र साध्या बिघडण्यातच आहे. मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं १९६१ साली अमेरिकेत गाजलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलमध्ये बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनची बेस गिटार डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी गुणगुणली. तो तुकडा कापून न टाकता तसाच ठेवला गेला. त्यावेळचे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड हुकमी काढून देणारं सर्किट घडवायला घेतलं आणि १९६२ मध्ये तो माएस्ट्रो फझ-टोन या नावाने डबीबंद होऊन बाजारात आला. किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला होता आणि १९६४ साली तो आवाजही गाजला. पण ब्लेडची अडचण अशी, की फाडलेलं पुन्हा थोडं कमी फाडता येत नाही. कमी-जास्त करायला बटण लागतं, आणि बटण आलं की हिशेब आलाच.

हा हिशेब किती नाजूक असतो ते घरी बऱ्याचदा बनवल्या जाणाऱ्या एका पेडलात, म्हणजे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये दिसतं. ड्राइव्हचं बटण पूर्ण फिरवलं की त्यातली ४५५८ ही चिप गिटारचा सिग्नल जवळजवळ ११८ पट करू पाहते. ०.१ व्होल्टचे ११.८ व्हायला हवेत, आणि खिशात आहे ९ व्होल्टची बॅटरी! ऐपतीबाहेरचा हा खर्च दोन डायोड आवरतात. तांदळाएवढ्या काचेच्या नळ्या, प्रत्येकीच्या एका टोकाला काळी रेघ, आणि एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या. वाढ साधारण ०.६ व्होल्टपुढे गेली की त्या लाटेचा माथा दाबतात. या दबलेल्या माथ्यालाच जगभरचे गिटारवादक ‘टोन’ म्हणतात. गंमत म्हणजे दोन्ही डायोड उलटे बसवले तरी काही बिघडत नाही, जोडी तीच राहते. नवशिक्याने आयुष्यात दोन चुका केल्या आणि त्यांनी एकमेकींना निस्तरलं, असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

या दिलदारपणाला भुलून सगळंच माफ होईल असं मात्र समजू नये. जवळच एक चपटा कपॅसिटर असतो, त्यावर ‘४७३’ छापलेलं असतं. त्याच्या जोरावर पूर्ण वाढ फक्त ७२० हर्ट्झच्या वरच्या सुरांना मिळते आणि खालचे सूर बेताने वाढतात. डोळ्यांना नीट दिसलं नाही आणि ‘४७४’ बसला, तर तो दहापट मोठा असल्याने ही सीमा थेट ७२ हर्ट्झवर उतरते. मग सर्वांत जाड तारही डायोडांखाली भरडली जाते आणि सुराचा चिखल होतो. चकलीच्या मोहनासारखंच आहे हे. जास्त पडलं की तेलात विरघळते, कमी पडलं की दातांची परीक्षा घेते.

‘यापेक्षा तयार पेडल स्वस्त पडेल,’ हा आक्षेप खरा आहे आणि मी तो बिनशर्त मान्य करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत चिप आणि डायोड चहाच्या पैशांत मिळतात. डबी, पायाचा स्विच, सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर यांच्या पैशांत मात्र चहावालाच आपला पाहुणचार करेल. काटकसरीचं कारण पुढे करून पेडल बनवणारा माणूस घरच्यांना फसवत असतो, बहुधा स्वतःलाही. काही जण म्हणतात, जुनी जपानी चिप मिळाल्याशिवाय तो आवाज येतच नाही. पण माथा दाबण्याचं मुख्य काम डायोडांचं असताना मानाचा फेटा चिपला बांधायचं कारण नाही. तिसरा आक्षेप शेजारचे काका घेतात, ‘हे संगीत नव्हे, खरखर आहे, आपला तानपुरा ऐका.’ जरूर ऐकावा, आणि तो लावताना बघावाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो योग्य जागी आला की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि त्या घासण्यातून सुरांची झळाळी उठते. मिरजेचे कारागीर ही झळाळी, म्हणजे जवारी, काढताना घोडी कानाने ऐकत घासतात. म्हणजे तार स्वच्छ सुटू द्यायची नाही, पण किती अडवायची ते केसाच्या अंतराने ठरवायचं. डायोडवाल्याचं गणित वेगळं काय आहे?

तरीही घरची डबी पहिल्या झटक्यात वाजेल अशी आशा धरू नये. चकाकणाऱ्या डागांत एखादा राखाडी, मळकट डाग लपलेला असतो आणि आवाज तिथेच अडतो. तो शोधताना बिघडणं आणि बिघडवणं यांतला फरक कायमचा कळतो, कारण तेव्हा डबीत दोन्ही एकत्र नांदत असतात आणि त्यांतलं एकच काढायचं असतं. ते निघालं, की पायाने स्विच दाबताच आवाज फाटतो आणि पुन्हा दाबताच निर्मळ होतो. बिघडलेल्या वस्तू प्रत्येक घरात असतात. पण जिच्यातला बिघाड पायाने बंद करता येतो, अशी ही एकच.